‘सोडा’ म्हणणारा आवाज

रात्री लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरून पोलिसांचा सायरन गेला की आमच्या घरातलं बोलणं थांबतं. पुढे कोण पळतंय यापेक्षा वाटेत कोण रस्ता ओलांडत असेल, याचीच धास्ती वाटते. ती गाडी चालवणाऱ्याला काय शिकवलेलं असतं हे कळल्यावर जरा धीर आला.

डॉलिस हिलच्या आपल्या महाराष्ट्र मंडळापासून हेंडन फार लांब नाही. लंडन पोलिसांची ड्रायव्हिंग स्कूल तिथे 1930 च्या दशकात सुरू झाली. लॉर्ड कॉटनहॅम यांनी घालून दिलेली पद्धत पुढे 1955 मध्ये ‘रोडक्राफ्ट’ या पुस्तकात आली आणि इथले पोलीस आजही तीच गिरवतात. त्यातलं मला सगळ्यात भावलं ते बोलत बोलत गाडी चालवणं. शिकाऊ पोलीस दिसेल ते मोठ्याने सांगत जातो: डावीकडे शाळा, बसखालून पाय दिसतायत, पुढे वळण, वेग कमी. तोंड चालू असलं की नजर भरकटत नाही.

पाठलागात हेच बोलणं रेडिओवरून कंट्रोल रूममध्ये ऐकलं जातं. वेग किती, रस्ता ओला का, वर्दळ किती. तिथल्या अधिकाऱ्याच्या अंगात पाठलाग चढलेला नसतो. तो ‘सोडा’ म्हणाला की सोडायचं. चालकालाही वाटेल तेव्हा सोडता येतं आणि त्यात कमीपणा मानत नाहीत. पळणारी गाडी थांबवायचीच असेल तर पुढे पोकळ खिळ्यांची पट्टी टाकतात, म्हणजे टायर न फुटता हवा हळूहळू उतरते. नाहीतर खास शिकलेले चालक त्या गाडीला पुढून, मागून, बाजूने कोंडून वेग उतरवत आणतात.

मोपेडवरून मोबाइल हिसकावणारे वाढले तेव्हा, हेल्मेट काढून फेकलं की पोलीस मागे येत नाहीत, अशी चोरांची समजूत होती. निवडक चालक मोपेडला गाडीने धक्का देऊन पाडतात, हे नोव्हेंबर 2018 मध्ये पोलिसांनीच चित्रफितींतून दाखवलं. खासदार डायन ॲबट यांनी ते धोक्याचं म्हटलं. ज्यांचे फोन गेले त्या आपल्या मुली कित्येक दिवस एकट्या स्टेशनवर जायला घाबरायच्या, तेव्हा धक्का नकोच असं मला म्हणवत नाही. पण मोबाइलपायी कुणाचं पोर जाऊ नये.

2022 च्या कायद्याने आता पोलीस चालकाची चूक ठरवताना तेच प्रशिक्षण घेतलेल्या सावध पोलिसाशी तुलना होते. हे मला रास्त वाटतं. मात्र मग सगळा भार त्या प्रशिक्षणावर येतो. पोलिसांच्या खर्चाला कात्री लागेल तेव्हा हेंडनच्या धड्यांना ती लागता कामा नये, असं मी महापौरांच्या कार्यालयाला लिहिणार आहे. मंडळातल्या इतरांनीही लिहावं.