दाब आणि उष्णमान : आमची एक चूक

शिक्षकाची चूक त्याच्या एकट्याची राहत नाहीं; ती वर्गांतील सर्व वह्यांत उतरते. अशीच आमची एक चूक विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पुष्कळ वर्षें आम्ही वर्गांत सांगत आलों कीं, पुरेसा दाब दिला असतां कोणत्याही वायूचा द्रव होतो, आणि ज्या दाबानें तो होतो तोच त्याचा क्रांतिक दाब. एके दिवशीं मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, मग सायकलच्या पंपापेक्षां मोठा पंप घेऊन हवेचा द्रव कां करीत नाहींत?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. तें कबूल करण्याऐवजीं आम्हीं त्यास "खालीं बैस" म्हणून दरडावलें.

त्या रात्रीं आम्हीं पुस्तकें उघडलीं, तों हाच प्रश्न मोठमोठ्या शास्त्रज्ञांसही पडला होता असें दिसलें. व्हिएन्ना येथील नाटरर यानें हवेसारख्या वायूंवर दोन हजार वातावरणांहून अधिक दाब दिला, तरी त्यांचा द्रव झाला नाहीं. उलगडा केला तो बेलफास्टच्या टॉमस अँड्र्यूज यानें, सन १८६९ मध्यें. कार्बन डायऑक्साइड वायु सुमारें ३१ अंश सेंटिग्रेडच्या खालीं असतां दाबला, तर नळींत द्रवाचा पृष्ठभाग स्पष्ट दिसतो. त्याहून अधिक उष्णमानावर मात्र दाब कितीही वाढवा, वायु दाट होत जातो, पण द्रव व वायु यांमधील सीमारेषा उमटतच नाहीं. कारण त्याचे कण इतक्या वेगानें धांवत असतात कीं, परस्परांचें आकर्षण त्यांना द्रवरूपांत बांधून ठेवूं शकत नाहीं.

ती मर्यादा म्हणजे क्रांतिक उष्णमान. आणि नेमक्या त्या उष्णमानावर द्रव होण्यास जो दाब लागतो, तो क्रांतिक दाब. या वायूचा तो सुमारें ७३ वातावरणें, ऑक्सिजनचा ५०, तर पाण्याचा २१८ आहे. ऑक्सिजनचें क्रांतिक उष्णमान शून्याखालीं सुमारें ११८ अंश आहे. तेव्हां त्यास आधीं तितका थंड केल्यावांचून एकटा दाब व्यर्थ होय.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्या विद्यार्थ्यास पुढें बोलावलें, सर्व वर्गादेखत आपली चूक सांगितली आणि फळ्यावरील जुनी व्याख्या त्याच्याच हातून पुसविली. मग व्हरांड्यांतील आग विझविण्याचें तांबडें नळकांडें दाखवून विचारलें, "यांत हाच वायु दाबून भरला आहे. मे महिन्याच्या दुपारीं, ३८ अंश उष्णमान असतां, आंत द्रव असेल काय?" क्षणभर विचार करून तो म्हणाला, "नाहीं, सर. दाब पुष्कळ असला तरी नाहीं."

विद्यार्थ्यांनो, शंका आली तर उभे राहा. आणि आम्हांस उत्तर येत नसेल, तर तसें म्हणावयास आम्ही आतां शिकलों आहों.