गलाता पुलावरचे शेजारी

इस्तंबूलला गेलेले लोक तिथल्या मशिदींचे आणि राजवाड्यांचे फोटो घेऊन येतात. आम्ही आणला एक शब्द! तो कोणता, ते शेवटी सांगतो. दोस्तांनो, आधी चला माझ्याबरोबर गलाता पुलावर.

तुर्कस्तानातलं हे शहर अर्धं युरोपात आणि अर्धं आशियात. मधून वाहते बॉस्फरसची सामुद्रधुनी. युरोपच्या बाजूनं हालिच नावाची खाडी तिला येऊन मिळते आणि त्या खाडीच्या तोंडावर आहे हा पूल. इथे पहिला पूल झाला १८४५ साली. आजचा पाचवा, तो १९९४ मध्ये खुला झाला. पूल दुमजली आहे. वर मोटारी आणि ट्राम, खाली खानावळी. वरच्या कठड्याला खेटून दिवसभर गळ टाकून उभे असतात हौशी मासेमार. खाली जेवायला बसलं, की समोरून एखादा मासा चक्क हवेत वर जाताना दिसतो!

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि सातवीतला माझा भाचा तिथं गेलो. हा माशांचा मोसम. शरद ऋतूत काळ्या समुद्रातले थवे बॉस्फरसमधून मार्मारा समुद्राकडे निघतात. मग पुलावर पाय ठेवायला जागा नसते.

"मामा, एवढ्या गर्दीत यांची भांडणं कशी होत नाहीत?" भाच्यानं विचारलं.

प्रश्न बरोबर होता. दोन माणसांत जेमतेम हातभर अंतर. त्यात प्रत्येकाकडे 'चापारी', म्हणजे एकाच दोऱ्यावर ओळीनं बांधलेले, पिसं लावलेले कितीतरी गळ. एक दोरा वाकडा गेला, की गुंता झालाच!

थोडा वेळ पाहिल्यावर उत्तर सापडलं. गळ फेकण्याआधी प्रत्येक जण मान वळवून मागे बघत होता. मागून लोक चालत असतात, आणि दोऱ्याच्या टोकाला शिसं असतं. दोरा फेकायचा तो आपल्या समोर, शेजाऱ्याच्या दोऱ्यावरून नाही. रिकामी जागा दिसली म्हणून घुसायचं नाही. दोन्हीकडच्या माणसांना मान लववायची, त्यांनी आपली बादली सरकवली की मगच उभं राहायचं. कुठे पाटी नाही, की पोलिसाची शिट्टी नाही.

शेजारच्या आजोबांना भाच्याचे चमकणारे डोळे दिसले असावेत. त्यांनी आपली काठीच त्याच्या हातात दिली. भाषेचं काम हातवाऱ्यांनी भागलं. आणि तेवढ्यात थवा आला! दोन्हीकडच्या काठ्या वाकू लागल्या. एकेका दोऱ्याला तीन-तीन, चार-चार 'इस्ताव्रित' लटकून वर येऊ लागले. हे छोटे, चंदेरी मासे. भाचा हरखून गेला. त्यानं मागे पाहिलं, पण बाजूला पाहायचं राहून गेलं. त्याचा दोरा तिरका गेला आणि तीन शेजाऱ्यांच्या दोऱ्यांत जाऊन बसला.

माझ्या पोटात गोळा आला. थवा काही थांबून राहत नाही. इतका वेळ वाट पाहिलेल्या तिघांचा घास आमच्यामुळे जाणार होता. एकानं खिशातून सुरी काढली. म्हटलं, आता दोरा कापणार आणि वर चार शब्द ऐकवणार!

आजोबांनी नुसता हात वर केला. चौघांनी मिळून गुंता हळूहळू वर ओढला आणि कठड्यावर ठेवून सोडवायला घेतला. सुटेना, तेव्हा आजोबांनी सुरी मागून घेतली आणि कापला तो स्वतःचा दोरा! शेजाऱ्यांचे तिन्ही दोरे मोकळे झाले. कापलेला तंगूस त्यांनी पाण्यात टाकला नाही. गुंडाळून खिशात घातला, नाहीतर तो सीगल पक्ष्यांच्या पायात अडकतो.

थवा निघून गेला होता. भाचा रडवेला झाला. तिघांतल्या एका तरुणाला थोडं इंग्रजी येत होतं. तो हसून मला म्हणाला, "मुलाला सांगा, या पुलावर प्रत्येकानं एकदा हे केलेलं असतं. दुसऱ्यांदा मात्र करायचं नाही."

आजोबांनी नवे गळ बांधले आणि काठी पुन्हा भाच्याच्या हातात दिली. या वेळी त्यानं मागे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं आणि मग दोरा सोडला. बऱ्याच वेळानं एक मासा लागला, बोटाएवढा! त्यानं आजोबांकडे पाहिलं. आजोबा काही न बोलता पाण्याकडे बघत राहिले. भाच्यानं मासा अलगद सोडवला आणि परत पाण्यात टाकला. तेव्हा कुठे आजोबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

निघताना त्या तरुणानं आम्हाला शब्द शिकवला : 'रास्तगेले'. गळ टाकून उभ्या असलेल्या माणसाजवळून जाताना हा शब्द म्हणायचा. 'रास्त' ओळखीचा वाटला ना? आपल्या रास्त भावाच्या दुकानातलाच तो. त्यांच्याकडे आणि आपल्याकडे, दोन्हीकडे फारसीतून आलेला. 'गेले' म्हणजे येवो. मासा नेमका तुमच्या गळाला येवो, अशी ही शुभेच्छा!

दुसऱ्या दिवशी पूल ओलांडताना भाचा प्रत्येकाला 'रास्तगेले' म्हणत चालला होता. पाण्यावरची नजर न काढता माणसं एक हात वर करत होती. आपल्या किनाऱ्यावर अशा वेळी काय म्हणतात बरं? धक्क्यावर गळ टाकून बसलेले एखादे काका दिसले, तर विचारून बघा. पण आधी त्यांच्या दोऱ्यापासून थोडं लांब उभे राहा!