किलोच्या भावाने

मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या घरी, मागच्या पडवीत, लेथ असावा ही गोष्ट थोडी चमत्कारिक समजली जाते. तिचा खुलासा करण्याचे हे स्थळ नव्हे. लेथ एकदाच घ्यावा लागतो. त्याला लागणारी हत्यारे मात्र जन्मभर घ्यावी लागतात, आणि ती सगळी मिळून लेथपेक्षा महाग पडतात. ड्रिल, टॅप, डाय, रीमर, चकचे जबडे, टूलबिट, मापे. नवी घ्यायची तर मुंबईची नागदेवी स्ट्रीट आहे. पण हौशी माणसाला ते भाव परवडत नाहीत. तो जुने शोधतो. पुण्याचा हौशी माणूस जुन्या बाजारात जातो, मुंबईचा चोरबाजारात. सेलूच्या माणसाची गाडी जालन्याला जाते.

जालन्याला सळई करणाऱ्या पोलादाच्या भट्ट्या आहेत आणि त्यांना भंगार लागते. त्यामुळे मराठवाड्यातले बंद पडलेले जिनिंग, मोडीत निघालेली ऑइल इंजिने, टर्नरच्या मागे राहिलेल्या पेट्या, सगळे उताराच्या पाण्यासारखे तिकडेच वाहते. भंगाराच्या आवारात सकाळी पोचले तर त्यातले काही बाजूला काढता येते. काट्यावर सर्वांना एकच न्याय असतो. अठरा टक्के टंगस्टन असलेले हत्यार आणि गंजलेला पत्रा यांत काटा भेद करत नाही. भट्टी तर मुळीच करत नाही. जगाच्या कुठल्या तरी खाणीतून काढलेले टंगस्टन अखेरीस एखाद्या स्लॅबच्या सळईत निनावी पडून राहते.

हा भेद करण्याची विद्या फार मोठी नाही. ड्रिलच्या दांड्यावर ‘एच. एस.’ असा ठसा असतो. तो झिजलेला असेल तर टोक सानेवर क्षणभर टेकवावे. साध्या कार्बन पोलादाच्या ठिणग्या पांढुरक्या पिवळ्या, भरपूर, टोकाशी फुटणाऱ्या, अगदी दिवाळीतल्या फुलबाजीसारख्या. हायस्पीड पोलादाच्या ठिणग्या काळपट तांबड्या, तुटक, जरा कंजूषच. या कंजूषपणालाच किंमत आहे. कार्बन पोलादाचे हत्यार अडीचशे अंशांच्या आसपास तापले की मऊ पडू लागते; हायस्पीड सहाशे अंशांपर्यंत धार सोडत नाही. टेलर आणि व्हाइट यांनी अशी हत्यारे १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात चालवून दाखवली. हा टेलर म्हणजे कामगाराच्या प्रत्येक हालचालीला घड्याळ लावणारा तोच टेलर. धार टिकली तसा यंत्राचा वेग वाढला, आणि यंत्राबरोबर माणसाचाही.

भाषेच्या अभ्यासकाने या बाजारात केवळ ऐकण्यासाठी म्हणूनही एकदा जावे. १९५६ च्या कायद्याने देशात दशमान मापे आली. पण भंगाराच्या आवारात अजून ‘सूत’ चालते. आठ सूत म्हणजे एक इंच. चार सुती टॅप म्हणजे अर्ध्या इंचाचा. त्यावर इंचाला बारा आटे असतात आणि आट्याचा कोन पंचावन्न अंश, व्हिटवर्थने १८४१ साली ठरवला तो. आजच्या मिलिमीटरच्या बोल्टचा कोन साठ अंश. बारा मिलिमीटरचा बोल्ट चार सुती नटात दोन फेरे जातो आणि अडकतो. अडकल्यावर जोर करणारे पुष्कळ भेटतात. कार्बाइडला इथे कुणी कार्बाइड म्हणत नाही, ‘विडिया’ म्हणतात. जर्मनीत क्रुपने १९२६ च्या सुमारास काढलेल्या ‘विडिया’ या छापाचे ते नाव, मूळ अर्थ ‘हिऱ्यासारखा’. पाटी मराठी, माल कुठलाही, आणि मध्ये हा जर्मन हिरा. विडियाची किंमत मात्र भंगारवाल्याला नेमकी ठाऊक असते. छत्रपती संभाजीनगरकडच्या कारखान्यांतून आलेल्या विडियाच्या टिकल्या तो वेगळ्या डब्यात ठेवतो आणि लोखंडाच्या कित्येक पटीने विकतो. हायस्पीडला ते भाग्य अजून लाभलेले नाही.

आता ज्यासाठी हे सारे लिहिले ते. दोन वर्षांपूर्वी सेलूतच एक पेटी विकाऊ असल्याचे कळले. एका जिनिंगमध्ये आयुष्य काढलेल्या टर्नरची ती पेटी. ते जाऊन तीन वर्षे झाली होती. मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला. तो म्हणाला, “सर, आई म्हणते घरात लोखंड नको. पस्तीस रुपये किलोनं घेऊन जा, काट्यावर तोलू.” पेटी बावीस किलो भरली. म्हणजे सातशे सत्तर रुपये.

मी पेटी उघडली. चार, पाच, सहा आणि आठ सुती टॅपचे संच, तीन-तीनच्या जोडीत, तेलकट कागदात गुंडाळलेले. रीमर. शून्य ते एक इंचाचा मायक्रोमीटर, त्याच्या लाकडी डबीवर हळदीकुंकवाची बोटे. दर खंडेनवमीची एक, असे पुट चढलेले. आणि तळाशी एका फडक्यात पंचवीस-तीस टूलबिट, घासून घासून बोटाच्या पेरापेक्षा आखूड झालेले.

हे टूलबिट मी बराच वेळ पाहत बसलो. टूलबिट विकत मिळतो तेव्हा नुसता चौकोनी तुकडा असतो; त्याला कोन देतो तो टर्नर. पुढचा उतार किती, बाजूचा किती, नाक टोकदार की गोल, हे सगळे हातात असते, आणि दोन माणसांचे सारखे कधीच नसते. हस्ताक्षरच ते. एक बिट चौकोनी आट्याचा होता. त्याच्या एका बाजूचा उतार दुसरीपेक्षा बराच अधिक, आट्याच्या तिरपेपणाला जुळवून घेतलेला. दुसऱ्याची धार लोखंडाला कधीच टिकली नसती इतकी पातळ होती. थोडा विचार केल्यावर उलगडले. जिनिंगच्या रोलरवर चामड्याच्या चकत्या दाबून बसवतात आणि मग तो लेथवर तासून सारखा करतात. हे हत्यार चामड्यासाठी घासलेले होते. मुलाला विचारले. तो म्हणाला, “हो, सीझनच्या आधी रात्र रात्र तेच चालायचं.”

समीक्षेच्या तासाला आपण ‘उपयोगमूल्य’ आणि ‘विनिमयमूल्य’ हे शब्द फळ्यावर लिहितो आणि पुढे सरकतो. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’त (१९१५) लोहार-सुतारांना वर्षाचे धान्य मिळते; कामाला नगावर किंमत नाही. कारखान्यातल्या टर्नरला पगार मिळाला. पण त्याने घासलेल्या धारेला तेव्हाही किंमत नव्हती आणि आता, त्याच्या मागे, ती काट्यावर ठेवायची होती. जुन्या हत्यारांच्या खरेदीत सगळा नफा विकणाऱ्याच्या अज्ञानातूनच निघतो, हे या छंदातले कुणी मोठ्याने बोलत नाही. व्यापाऱ्याकडून घेताना मला त्याचे काही वाटत नाही. तो त्याचा धंदा आहे. घरातून घेताना वाटते.

मी मुलाला सांगितले की हे सातशे सत्तरचे नाही. जुन्याच्या हिशोबाने मी सहा हजार देतो. त्याचा चेहरा बदलला. ज्याला भंगार म्हणून द्यायला तो निघाला होता त्याचे सर स्वतःहून सहा हजार देतात, म्हणजे ते वीस हजारांचे असणार. त्याच्या जागी मीही हेच गणित मांडले असते. “आईला विचारून सांगतो,” असे म्हणून त्याने पेटी बंद केली.

पंधरा दिवसांनी तो आला तो पेटी घेऊनच. जालन्यात तीन ठिकाणी दाखवली होती. तिघांनीही किलोचा भाव सांगितला. येताना रिकाम्या हाताने येऊ नये म्हणून त्याने फडक्यातले टूलबिट तेवढे तिथेच तोलून दिले होते, “ते झिजून संपलेलेच होते, सर.” वजन किलोभर. चामड्याचे ते हत्यारही त्यातच गेले.

पुन्हा अशी वेळ आली तरी मी आकडा आधीच सांगेन. टॅप मात्र अजून रोज लागतात. आमच्या भागात जुन्या इंजिनांची आणि पंपांची चार सुती, पाच सुती आटे पडलेली कामे थांबलेली नाहीत, आणि दुकानात आता व्हिटवर्थचा टॅप मागितला तर दुकानदार वर पाहतो.

व्यवहार पुरा करताना मुलगा जरा घुटमळला. आई लोखंड नको म्हणाली होती खरी, पण मायक्रोमीटरची डबी तिला हवी होती. दर वर्षी तिच्यावर कुंकू तीच लावत असे. डबी मायक्रोमीटरसकट तिच्याकडे राहिली. मुलगा स्वतःच म्हणाला, “मग त्याचे कमी करा.” हिशोब पाच हजार दोनशेवर मिटला.