पोटातला वारा

आपल्या भाषेत पोटाला फार मान आहे. अपराध पोटात घालायचे, गुपित पोटात ठेवायचे आणि माया तर पोटातूनच यायची. इतके सारे मावणाऱ्या या पोटात शस्त्रक्रियेपुरती मोकळी जागा मात्र नसते, हे मला गेल्या वर्षी कळले.

आईच्या पित्ताशयात खडे निघाले. वय ७४, त्यात हृदय थकलेले. दुर्बिणीतून ऑपरेशन करायचे ठरले. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, पोटात थोडा गॅस भरतो. म्हणजे पोटाची भिंत वर उचलली जाते आणि आतलं नीट दिसतं."

"बाई गं, वातानं माझं पोट आधीच डब्ब होतंय. त्यात तुम्ही आणखी भरणार व्हय?"

सगळे हसले. मला हसू येईना. २०१४ साली ओडिशातल्या अंगुल जिल्ह्यात एका शस्त्रक्रिया शिबिरात बायकांच्या पोटात सायकलच्या पंपाने हवा भरल्याची बातमी मी वाचली होती. तो पंप काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. मी तसे बोलून दाखवले.

बाईंनी शांतपणे समजावले. भरायची ती हवा नव्हे, कार्बन डायऑक्साइड. तो पेट घेत नाही, त्यामुळे विजेच्या उपकरणाने आत डाग देता येतो. शिवाय तो रक्तात चटकन विरघळतो आणि श्वासावाटे निघून जातो. साध्या हवेचा बुडबुडा रक्तवाहिनीत शिरला, तर तसा विरघळत नाही, जिवावर बेततो. राहिला दाब. तो बहुधा पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटरइतका ठेवतात. बारा म्हणजे पाण्याची वीतभरसुद्धा नाही अशी उंची! पण तो बराच वाढला, तर पोटातली मोठी शीर दबते आणि हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. छातीखालचा पडदा वर सरकून फुप्फुसे आवळली जातात. म्हणून यंत्र सतत दाब मोजते, आणि ठरलेला आकडा गाठला की थांबते. सायकलच्या पंपाला हे मोजणे कुठले यायला?

"आजींसाठी आपण दहावर ठेवू," त्या म्हणाल्या. "मग आणखी कमी का नको?" मी विचारले. "जागा कमी पडते, सर. सर्जनना नीट दिसलं नाही, तर तो धोका गॅसपेक्षा मोठा."

मागाहून मी या विद्येची वंशावळ चाळली. १९०१ साली जर्मनीत केलिंग यांनी कुत्र्याच्या पोटात हवा भरून आत दुर्बीण घातली. पोटातला रक्तस्राव हवेच्या दाबाने थांबवावा, हा त्यांचा मूळ विचार. आज गॅस भरायला वापरतात ती सुई हंगेरीच्या व्हेरेश यांची. त्यांनी ती क्षयरोग्यांच्या छातीत हवा भरण्यासाठी केली. तिची माहिती त्यांनी छापली ते साल १९३८, म्हणजे आमच्या सोलापूरचे डॉ. कोटणीस चीनला गेले तेच. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया भारतात सुरू झाली १९९० मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहेमतन उडवाडिया यांच्या हातून. एकाने एका कामासाठी घडवावे आणि दुसऱ्याने ते भलत्याच कामी लावावे, हे शब्दांच्या बाबतीत मी वर्गात रोज सांगतो. सुयांच्या बाबतीतही तेच निघाले.

ऑपरेशन सुखरूप पार पडले. दुसऱ्या दिवशी आईचा उजवा खांदा दुखू लागला. "पोट कापलं नि खांदा दुखतोय, हा कुठला न्याय?" छातीखालच्या पडद्याची मज्जा आणि खांद्याची संवेदना मानेतल्या एकाच मुळाशी जातात, गॅसने पडदा डिवचला की तक्रार खांदा करतो. दोन दिवसांत दुखणे ओसरले.

आता समाचाराला येणाऱ्या शेजारणींना आई शेंगाचटणी-भाकरी वाढते आणि ऐटीत सांगते, "अगं, पोटात वारा भरला माझ्या. पण भरला तो दहाच हं, मोजून!"