गूढ नाटक आणि रात्रीची जाग

वाचकहो, आरोग्याला वाहिलेल्या पाक्षिकात भुताखेतांच्या नाटकाचे काय प्रयोजन, असा प्रश्न आपणांस पडणे स्वाभाविक आहे. परंतु भीती प्रथम उमटते ती शरीरावर. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात जे आठ सात्त्विक भाव सांगितले, ते आठवून पाहा : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. जागच्या जागी खिळणे, घाम फुटणे, अंगावर काटा येणे, आवाज चिरकणे, थरथर, चेहरा पांढरा पडणे, डोळ्यांत पाणी, शुद्ध हरपणे. एखाद्या वैद्याने भ्यालेल्या माणसाच्या उशाशी बसून टिपण करावे तशी ही यादी आहे. आजचे शरीरशास्त्र तिला कारणांची जोड देते. मेंदूतील अमिग्डाला हे केंद्र धोक्याची सूचना देते, अ‍ॅड्रेनलिन रक्तात मिसळते, हृदयाचे ठोके वाढतात, त्वचेवरील केसांच्या मुळाशी असलेले इवलेसे स्नायू आकसतात आणि रोमांच उभे राहतात. धोका खरा नाही हे बुद्धीला पुरते ठाऊक असते. पण शरीर बुद्धीची परवानगी घेत बसत नाही.

आमच्या घरी हा विषय निघाला तो सासूबाईंमुळे. आम्ही नवघरला राहतो. सासरे जाऊन वर्ष होत आले आहे. अखेरची काही वर्षे त्यांना श्वसनाचा विकार होता आणि रात्रभर खोकला चाले. ते गेल्यापासून सासूबाईंना रोज मध्यरात्रीनंतर जाग येऊ लागली. शेवटची विरार लोकल निघून गेली की आमच्या भागात जी शांतता पसरते, नेमक्या त्या वेळी त्या उठून बाहेरच्या खोलीत बसत. विचारले तर ‘वयात झोप कमीच होते’ एवढेच उत्तर. ते खोटेही नव्हते. उतारवयात झोप उथळ होते, आणि रात्रीच्या उत्तरार्धात गाढ झोपेचा अंश सर्वांचाच कमी असतो. त्यामुळे दोन-तीनच्या सुमारास जाग येणे अगदी सामान्य आहे. पण त्यांचे जेवण कमी झाले होते, बोलणे त्याहून कमी. घरात सर्वांना काळजी होती आणि कोणालाच नेमके काय विचारावे ते कळत नव्हते.

अशा काळात त्यांनीच वर्तमानपत्रातील जाहिरातीवर बोट ठेवून म्हटले, ‘‘हे पाहायचंय मला.’’ नाटक होते ‘२ वाजून २२ मिनिटांनी’. डॅनी रॉबिन्स यांचे मूळ इंग्रजी नाटक २०२१ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आले. नीरज शिरवईकर यांनी ते मराठीत आणले आणि विजय केंकरे यांनी दिग्दर्शित केले. माझ्या यजमानांचा विरोध होता. ‘‘आधीच आईची झोप उडालेली, त्यात भुताचं नाटक!’’ त्यांचे म्हणणे मला अगदीच गैर वाटले नाही. म्हणून आमच्या डॉक्टरांना विचारले. रक्तदाब नियंत्रणात असल्याने हरकत नाही, मात्र दुपारचा प्रयोग घ्या, म्हणजे रात्रीपर्यंत शरीर शांत व्हायला अवधी मिळेल, असा सल्ला त्यांनी दिला. ज्यांना नुकताच हृदयविकाराचा त्रास झाला आहे वा लखलखत्या दिव्यांनी फेफरे येते, त्यांनी असा प्रयोग टाळणेच बरे. लहान मुलांबाबतही मी म्हणेन, थांबा. त्यांना खरे आणि लटके यांतली रेषा अजून सापडलेली नसते.

मीरा-भाईंदरला आता लता मंगेशकरांच्या नावाचे स्वतःचे नाट्यगृह आहे, तरी त्या रविवारी आम्ही दोघी लोकलने बोरिवलीला, प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिरात गेलो. वाटेत सासूबाई कुडाळकडच्या आपल्या बालपणाविषयी बोलू लागल्या. जत्रेत रात्रभर चालणारा दशावतार, काळा संकासुर मंचावर आला की आईच्या पदराआड लपणे आणि पुन्हा त्याच पदराच्या फटीतून त्याला पाहणे. ‘‘भ्यायला मजा यायची गं, कारण सगळं गाव बरोबर भ्यायचं.’’ कित्येक महिन्यांनी त्या इतके बोलल्या.

नाटकाचा शेवट सांगण्याचे पाप मी करणार नाही. आरंभ एवढाच, की नव्या घरात राहायला आलेल्या एका तरुण आईला रोज रात्री ठरावीक वेळी बाळाच्या खोलीतून कोणाच्या तरी वावराची चाहूल लागते, आणि विज्ञाननिष्ठ नवरा ती मुळीच मानत नाही. काळोखात साऱ्या प्रेक्षागृहाने एकदम श्वास रोखावा, कोणीतरी किंचाळावे आणि पाठोपाठ हशा उसळावा, हा अनुभव घरातल्या पडद्यावर मिळत नाही. तो हशा म्हणजे शरीराचे सुटणेच. (एक तक्रार मात्र नोंदवते. हल्ली गूढ नाटकांत कानठळ्या बसवणारा आवाज फार स्वस्तात वापरला जातो. दचकणे निराळे आणि भय निराळे. भयाला शांतता लागते.)

मध्यंतरात बटाटेवडा हातात तसाच धरून सासूबाई म्हणाल्या, ‘‘त्या पोरीचं कुणी ऐकत का नाही?’’ मी काही उत्तर देण्याआधीच त्यांनी खालच्या आवाजात पुढे सांगितले, ‘‘मला रोज यांचा खोकला ऐकू येतो. दोनदा. मग पाणी द्यायला म्हणून मी उठते.’’

त्यांच्या चेहऱ्यावर भय नव्हते, थोडा संकोच होता. मी एवढेच विचारले, ‘‘ऐकू आला की कसं वाटतं, आई?’’ त्या म्हणाल्या, ‘‘बरं वाटतं. पण तुम्हाला सांगितलं असतं तर मला डॉक्टरकडे नेलं असतंत.’’ तेवढ्यात घंटा झाली आणि आम्ही आत गेलो.

वाचकहो, आपल्या घरी कोणी असे काही सांगितले तर घाबरून जाऊ नका. वेल्समधील डेवी रीस या डॉक्टरांनी १९७१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जोडीदार गमावलेल्या २९३ स्त्री-पुरुषांशी ते बोलले होते. त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या माणसाचे अस्तित्व जाणवले होते. कोणाला तो दिसला, कोणाला त्याचा आवाज आला, कोणाला तो जवळ आहे असे वाटले. बहुतेकांना त्याचा आधारच वाटला होता. आणि त्यांतल्या बहुसंख्यांनी तोपर्यंत ही गोष्ट कोणालाही सांगितलेली नव्हती! चाळीस वर्षे ज्या खोकल्याकडे कान लावून एखादी स्त्री झोपली, तिचे कान एका वर्षात ती सवय सोडतील अशी अपेक्षा आपण का धरावी? हे वेड नव्हे. परंतु ऐकू येणारा आवाज धाक घालू लागला, काही करण्यास फर्मावू लागला, जगणे नको झाले किंवा महिनोन् महिने अन्नावरची वासना आणि माणसांतला रस परतला नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये.

परतीच्या गाडीत गर्दी होती, बोलणे झाले नाही. घरी आल्यावर मात्र त्यांनी स्वतःच मुलाला सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘‘बाबांचा की माझा? रात्री मीही खोकतो.’’ सासूबाई मनापासून हसल्या. ‘‘तुझा खोकला मला ओळखता येत नाही होय रे?’’

त्या रात्री त्या गाढ झोपल्या असे लिहिता आले असते तर मला आवडले असते. तसे झाले नाही, अडीचला उठल्याच. पण त्यांनी माझ्या दारावर टकटक केली आणि आम्ही दोघी थोडा वेळ गॅलरीत बसलो. त्या सासऱ्यांविषयी, त्यांच्या पहिल्या नोकरीविषयी बोलत राहिल्या. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही त्यांच्या पलंगासमोरचे घड्याळ काढले, कारण रोज तीच वेळ पाहिल्याने त्या वेळी उठण्याची सवय अधिक घट्ट होते. दुपारच्या चारनंतरचा चहा बंद केला. त्यावर मात्र अजून भांडण चालू आहे. आता आठवड्यातून दोन-तीन रात्री तरी सलग झोप लागते आणि खोकला काही रात्री ऐकू येत नाही. त्याचे त्यांना थोडे वाईटही वाटते, असे त्यांनी परवा भाजी निवडताना सांगितले.