उसन्या उजेडातली मुलं

जबलपूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. त्यामुळे जूनच्या भरदुपारी इथे माणसाची सावली त्याच्या पायांखालीच गोळा होते, आणि डिसेंबरात हाच सूर्य माध्यान्हीलाही क्षितिजापासून ४३ अंशांच्या फारसा वर चढत नाही. मुलांचे चेहरे टिपणाऱ्या माझ्यासारखीला या दोन टोकांमधले दिवस हवे असतात. माझ्या हिशेबात ते रथसप्तमीला सुरू होतात आणि गुढीपाडव्याच्या थोडे पुढे संपतात. फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, दोन तासांनी पंचवीसेक अंशांवर येतो, आणि तोवर गालावरचं ऊन सौम्य असतं. दुपारबद्दल एक गोष्ट पालकांना मी नेहमी सांगते. घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य डोक्यावर आला, असं इथे होत नाही. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची, जबलपूर त्याच्या अडीच अंश पश्चिमेला, आणि फेब्रुवारीत सूर्य घड्याळाच्या मागे रेंगाळतो. म्हणून खरी माध्यान्ह होते सव्वाबारा उलटून गेल्यावर. संध्याकाळचं ऊनही त्याच हिशेबाने थोडं उशिरापर्यंत मिळतं.

वसंताच्या या दिवसांत एक अडचण आहे, आणि ती मध्य भारताच्या रानाची खास आहे. इथला वसंत पानगळीतून येतो. सागाच्या फांद्या उघड्या पडतात. सावरीला लाल फुलं लागतात ती पानं झडल्यावर, आणि पळस पेटतो तोही निष्पर्ण फांद्यांवर. ऊन हवंहवंसं असतं तेव्हाच सावली देणारी झाडं सावली सोडून बसलेली असतात. उरतात आंबा, जांभूळ, वड. मोहोरलेल्या आंब्याखाली मूल बसवलं की पालक खूश होतात, पण त्या गर्द सावलीत पानांचा हिरवा रंग चेहऱ्यावर उतरतो, हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या खोबणीत तर स्पष्ट दिसतो. पानांमधून पडणारे कवडसे त्याहून वाईट. एक नाकावर, एक कपाळावर, आणि मधला चेहरा काळोखात.

म्हणून मी झाडाखाली जात नाही, सावलीच्या कडेला थांबते. मूल सावलीत, पण उन्हापासून हातभर अंतरावर, आणि त्याचं तोंड मोकळ्या आकाशाकडे. आपल्या डोळ्यांना सूर्याचं बिंब जेमतेम अर्ध्या अंशाचं दिसतं, त्यामुळे त्याच्या थेट उजेडात सावल्या धारदार पडतात. उघडं आकाश मात्र अर्धं जग व्यापून असतं. एवढ्या मोठ्या पृष्ठभागावरून येणारा उजेड नाकाच्या दोन्ही बाजूंना पोचतो. त्यातला निळसरपणा व्हाइट बॅलन्सने सहज काढता येतो. आणखी ऊब हवी असेल तर समोरच्या जमिनीवर किंवा भिंतीवर ऊन पडलेलं असावं. तिथून परतणाऱ्या उजेडाला मी उसना उजेड म्हणते. सूर्याचा हा उजेड दुसऱ्याच्या हातून मिळतो, आणि देणाऱ्याचा रंग घेऊन येतो. माझ्या कामातलं बहुतेक कौशल्य हा देणारा निवडण्यात आहे. एकदा तो नीट निवडला की मुलाला काहीच सांगावं लागत नाही.

जबलपुरात असे देणारे पुष्कळ आहेत. मदनमहालच्या टेकडीवरचे ग्रॅनाइटचे प्रचंड गोटे सकाळी करड्या-तांबूस रंगाचा मऊ उजेड परतवतात. दोन गोट्यांमधली फट म्हणजे तीन बाजूंनी बंद असलेली आयती खोली. जवळच तो प्रसिद्ध तोललेला दगड आहे, २२ मे १९९७ च्या भूकंपातही न हललेला. मुलांना त्याच्याजवळ नेलं की ती आधी त्याला ढकलायला बघतात. हात टेकलेले, मान वर, डोळे विस्फारलेले. तो फोटो मी कधी सांगून मिळवलेला नाही. साडेनऊ-दहानंतर मात्र हे दगड तापतात आणि मुलं चिडचिडी होतात, तेव्हा तिथून निघायचं.

मुलांशी बोलायला या शहरात मला विषय शोधावा लागत नाही. छावणीच्या बाजूला बडा सिमला नावाची टेकडी आहे. १८२८ साली विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला तिथे हाडांचे जीवाश्म सापडले. आशियात डायनोसॉरची हाडं सापडल्याची ही सगळ्यात जुनी नोंद. १८७७ मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ लायडेकरने त्यांना टायटनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं. सहा-सात वर्षांच्या मुलाला एवढंच सांगायचं, की तू राहतोस तिथे डायनोसॉर चालत होते. मग तो प्रश्न विचारतो, मी उत्तर देते, आणि त्या बोलण्यात चेहरा ज्या वेगाने बदलतो त्यासाठी शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली आणून चालत नाही. लेन्स ८५ मिलिमीटरची, आणि मी जमिनीवर बसलेली. मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवरून घेतलेल्या फोटोत मूल स्वतःच्या उंचीचं दिसतं. वरून घेतलं की ते नुसतं लहान दिसतं.

फोटोतल्या डोळ्यांत उजेडाचा एक ठिपका असतो, त्याकडे माझं पहिलं लक्ष जातं. तो नसेल तर नजर विझलेली वाटते. घाटाच्या पायऱ्यांवर बसलेल्या मुलाच्या डोळ्यांत तो खालच्या अंगालाही येतो, कारण नर्मदेचं पाणी आकाश परतवतं. ग्वारीघाटावर सकाळी मी पायऱ्यांवर मुलाच्या खाली, पाण्याच्या बाजूला बसते. तान्ह्या बाळांना मात्र उजेड सोसत नाही. त्यांना आकाशाकडे तोंड करून धरू नये. आईच्या खांद्यावर घेऊन तिच्या साडीचा फिकट रंग त्यांच्या गालाला द्यावा.

सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात आवडणारं काम म्हणजे बोरन्हाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत राइट टाउन, नेपियर टाउनकडच्या मराठी घरांतून बोलावणी येतात. बाळाला काळं झबलं, त्यावर हलव्याचे पांढरे दागिने, मुकुट, बाजूबंद, आणि डोक्यावरून ओतायचे चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हल्ली चॉकलेटंही. एकाच फोटोत इतकं काळं आणि इतकं पांढरं. कॅमेऱ्याचं मीटर काळं झबलं बघून सगळं उजळवतं आणि हलव्याचे काटे पुसले जातात, किंवा हलवा बघून सगळं मंदावतं आणि चेहरा बुडतो. मी मीटर फक्त गालावर लावते आणि आकडे हाताने पक्के करून ठेवते, मग ओतणाऱ्या बायका कितीही उत्साहात असोत. जागा गच्चीची. पाठ उन्हाकडे, आणि समोर चुन्याची पांढरी भिंत किंवा थर्माकोलचा एक तुकडा. केसांच्या कडेला सोनेरी रेघ येते, चेहऱ्याला भिंतीचा उसना उजेड मिळतो, आणि मागून ऊन आल्यामुळे हवेतले चुरमुरे एकेक चमकतात. ते हवेत थांबलेले हवे असतील तर शटर एक हजारावर न्यावं लागतं. शेजारची हिंदी बोलणारी मुलं बोरं लुटायला धावतात, आणि बाळ आपल्या मांडीवर काय पडलं ते खाली मान घालून बघत राहतं. आई म्हणते, “बेटा, मावशीकडे बघ!” मी म्हणते, नको. ते जे बघतंय तेच मला हवं आहे. म्हणूनच त्या वेळी मी सतरंजीवर आडवी झालेली असते.

गालावरचं तीट मी पुसत नाही. काजळाचा तो ठिपका काढून टाका, असं आता काही तरुण आईबाप सांगतात. ते आजीने लावलेलं असतं आणि त्या दिवसाच्या नोंदीचा भाग असतं, म्हणून मी त्यांना दोनदा विचारते. “थोडं गोरं करा” या मागणीला मात्र मी थेट नकार देते. याला कारण आहे. रंगीत फिल्मच्या काळात छपाईचे रंग जुळवायला कोडॅकच्या प्रयोगशाळांत एक नमुना-छायाचित्र वापरत, आणि त्यावर गोऱ्या कातडीची स्त्री असे. पुष्कळ वर्षं सावळे चेहरे त्या मापाने मोजले गेले, आणि फोटोत ते मातकट किंवा काळपट निघाले. आज ही अडचण यंत्रात फारशी उरलेली नाही. मनात उरली आहे. सावळ्या गालावर बाजूने येणारा उजेड पडला की कातडीवर एक तजेला उठतो, जो गोऱ्या चेहऱ्यावर शोधून सापडत नाही. तो पावडरीने आणि सॉफ्टवेअरने घालवणं म्हणजे त्या मुलाला तो जसा आहे तसा नको आहे असं सांगणं. मुलांना ते कळतं.

भेडाघाटला लोक संगमरवराच्या कड्यांसाठी जातात. तिथे मुलांचा फोटो बिघडतो तोही संगमरवरामुळेच. हा दगड मॅग्नेशियमयुक्त, बराचसा पांढरा, आणि नर्मदेच्या दोन्ही बाजूंना तीसेक मीटर उंच. एवढी पांढरी पार्श्वभूमी मागे असली की कॅमेरा ती करडी करून टाकतो आणि चेहरा काळवंडतो. एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवलं की सुटतं. मग मात्र कड्यांचा खरा उपयोग कळतो. दोन्ही भिंती उजेड एकमेकींकडे फेकत राहतात, आणि नावेतल्या मुलाच्या चेहऱ्यावर सावली कुठे सुरू होते ते सापडत नाही. अंगातलं नारिंगी लाइफ जॅकेट हनुवटीवर नारिंगी रंग टाकतं. फोटोसाठी ते काढा, असं मी कधीही सांगणार नाही. हनुवटीचा रंग नंतर दुरुस्त होतो. धुआंधार धबधब्याजवळ फार वेळ थांबू नये. तुषार लेन्सवर बसतात, आणि त्या आवाजात मुलाशी बोलता येत नाही.

मुलाला सांगायचं काहीच नाही, फक्त त्याच्यासाठी उजेड मांडून ठेवायचा, ही शिस्त मी ज्यांच्याकडून शिकले त्यांत दादासाहेब फाळके आहेत. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली होती. चित्रपटाच्या सुरुवातीला तिचा चेहरा जवळून दिसतो. एकामागून एक भाव त्यावर येतात आणि जातात, आणि मग ती कृष्ण होते. त्या काळी आपल्याकडे चित्रीकरण सूर्याच्याच भरवशावर होत असे. तिला वडिलांनी काय शिकवलं असेल ते असो, पण तिच्या चेहऱ्यावर कॅमेऱ्याची भीती नाही, आणि उजेड तिला डोळे मिचकवायला लावत नाही. त्याच्याही बऱ्याच आधी, काचेच्या ओल्या पट्ट्यांवर फोटो निघत तेव्हा, मूल काही सेकंद स्थिर राहावं म्हणून युरोपात आया कापडाखाली लपून त्याला धरून बसत. आपण आजही “हलू नकोस” म्हणतो, यंत्राला त्याची गरज उरलेली नसताना.

वाचकांपैकी बहुतेकांच्या हातात मोबाइल असेल. त्याने उत्तम काम होतं. जवळ जाऊ नका, जवळून मुलाचं नाक मोठं आणि कान छोटे होतात. चार पावलं मागे सरा आणि दुप्पट झूम घ्या. पार्श्वभूमी पुसट करणारा पोर्ट्रेट मोड मोकळ्या केसांच्या कडा खातो, मुलांचे केस तर कधीच जागेवर नसतात, तेव्हा तो बंद ठेवा आणि पार्श्वभूमीच दूरची निवडा. होळीला गुलालाचे फोटो घ्या, पण लाल कपड्यांतल्या मोठ्यांना मुलापासून लांब उभं करा, कपड्यांचा रंगही चेहऱ्यावर उसना येतो.

एप्रिलअखेर दुपारचा सूर्य ८१ अंशांवर पोचतो, डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसू लागतात, तेव्हा मी बाहेरची कामं थांबवते. त्याआधीचे काही दिवस मी भेडाघाटच्या वाटेवरच्या दगडी मूर्तींच्या दुकानांत जाते. पुढे ओढलेली ताडपत्री, दगडाच्या पांढऱ्या धुळीने माखलेली जमीन, आणि बापाच्या शेजारी बसलेलं मूल. कुठल्याही स्टुडिओत इतका चांगला उजेड नाही. आणि इथेच सगळ्यात जपून राहावं लागतं. ही मुलं माझ्याकडे फोटोसाठी आलेली नसतात. पर्यटक त्यांचे आणि कड्यांवरून नाण्यांसाठी उड्या मारणाऱ्या पोरांचे फोटो न विचारता घेतात आणि जगभर दाखवतात. मी आधी बापाला विचारते, मग मुलाला. दोघांपैकी एक नको म्हणाला तर कॅमेरा पिशवीत. घेतलेला फोटो तिथेच पडद्यावर दाखवते, इंटरनेटवर टाकत नाही, आणि पुढच्या फेरीला प्रिंट नेऊन देते. पोस्टकार्डाच्या आकाराची, मॅट कागदावर, कारण चकचकीत कागदावर दगडाची धूळ आणि बोटं उमटतात. मागे पेन्सिलीने मुलाचं नाव आणि तारीख लिहिते.