द्राक्षमळ्यातील आस्वादविचार

'आस्वाद' हा शब्द मराठी समीक्षेत इतका रुळला आहे, की तो मुळात जिभेचा शब्द आहे याचा बहुधा विसर पडतो. भरतमुनींनी तो पडू दिला नव्हता. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे सांगताना त्यांनी भोजनाचाच दृष्टान्त घेतला आहे: नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न जेवणारा सुमनस् माणूस जसा त्यातील रस चाखतो, तसा प्रेक्षक स्थायिभाव चाखतो. पुढे युरोपात डेव्हिड ह्यूमने १७५७ साली अभिरुचीच्या निकषाविषयी निबंध लिहिला, तेव्हा त्यालाही वाइनच्या पिंपापाशीच जावे लागले. 'डॉन किहोते'मधील सांचोच्या दोन नातलगांची ती कथा. वाइन चाखून एक म्हणतो, चामड्याचा किंचित वास येतो. दुसरा म्हणतो, लोखंडाचा. दोघांचीही टर उडवली जाते. पण पिंप रिते झाल्यावर तळाशी चामडी वादी बांधलेली एक जुनी किल्ली सापडते.

सौंदर्यशास्त्राच्या अध्यापनात हयात घालवलेले पुण्याचे एक निवृत्त प्राध्यापक फेब्रुवारीत सपत्नीक नाशिकला गेले, ते हे दोन्ही दृष्टान्त मनाशी बाळगूनच. फ्रान्समधील लोआर नदीच्या खोऱ्यातून, गावोगावच्या तळघरांत थांबत, सावकाश हिंडण्याचा त्यांचा बेत अनेक वर्षे कागदावरच राहिला होता. त्या खोऱ्यातली शेनँ ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ ही द्राक्षे गोदावरीच्या खोऱ्यात पिकतात, एवढे निमित्त पुरेसे होते. गंगापूर धरणाचा परिसर, मग दिंडोरी, मग विंचूर. तीन दिवस, आणि कोठेही घाई नाही.

या प्रदेशातला वेलीचा दिनक्रमच मुळी वेगळा आहे. बोर्दोमध्ये वेल हिवाळ्यात झोपी जाते, वर्षातून एकदा छाटली जाते आणि सप्टेंबरच्या सुमारास तोडणी होते. नाशिकची थंडी वेलीला तशी झोप देत नाही. म्हणून येथे छाटण्या दोन: एप्रिलची खरड छाटणी काडी तयार होण्यासाठी, आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी फळासाठी. पीक मात्र एकच. ते जानेवारी ते मार्च या काळात, उन्हे तापण्याआधी पहाटे तोडले जाते. वेल परदेशी असली तरी तिचे पंचांग इथले आहे.

या व्यवसायाचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९८० च्या दशकात नारायणगावला फ्रेंच तज्ज्ञांच्या साहाय्याने फसफसती वाइन होऊ लागली; २००० साली 'सुला'ची पहिली वाइन बाजारात आली; २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि विंचूरला वाइन पार्क उभे राहिले. खाण्याच्या द्राक्षांची बागाईत त्याच्या कितीतरी आधीची. पोंगा, ओलांडा, विरळणी, फुगवण, भुरी, मण्यात पाणी उतरणे — बागाईतदाराची ही परिभाषा त्या बागाईतीबरोबर घडत गेली.

चाखण्याच्या दालनात या परिभाषेचा मागमूस नव्हता. पेला हलवण्याची रीत समजावणारा तरुण दिंडोरी तालुक्यातल्याच एका बागाईतदाराचा मुलगा होता. सोव्हिन्यों ब्लाँविषयी त्याने पढवलेली इंग्रजी यादी म्हणून दाखवली: गूजबेरी, पॅशन फ्रूट, कापलेले गवत. प्राध्यापकांच्या पत्नीने वास घेतला आणि त्या सहज म्हणाल्या, "अहो, ही तर चिरलेली ढोबळी मिरची." तरुण हसला. त्याच्या यादीत तीही होती, फक्त इंग्रजीत.

येथे ह्यूमची किल्ली अक्षरशः हाती येते. सोव्हिन्यों ब्लाँच्या त्या हिरव्या गंधामागे मेथॉक्सिपायराझिन या वर्गातील संयुगे असतात आणि ढोबळी मिरचीचा वासही त्याच वर्गातल्या संयुगाचा. तेव्हा आस्वादाची भाषा निव्वळ शिष्टाचार नव्हे. तिच्या तळाशी वस्तू असते. परंतु त्या वस्तूपर्यंत पोहोचायला गूजबेरीचीच वाट धरली पाहिजे असेही नाही. शिराझ चाखताना हे अधिक स्पष्ट झाले. तिच्या टॅनिनला 'तुरट' हा शब्द तयारच होता. आपल्या परंपरेने कषाय हा सहा रसांपैकी एक मानला आहे. जांभूळ, सुपारी, हिरडा यांनी जीभ त्यात आधीच मुरलेली असते. प्राध्यापकांना ती वाइन आवडली नाही, पत्नीला आवडली. कान्ट म्हणाला असता, हा ज्याच्या त्याच्या सुखाचा प्रश्न, येथे वादाला जागा नाही. पण तुरटपणा आहे की नाही, याबद्दल दोघांत मतभेद नव्हता. आणि समीक्षेचे बरेचसे काम अशा मतैक्याच्या जागा शोधण्याचेच असते.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती दोघे तोडणी पाहायला गेली. पेठ-सुरगाण्याकडून हंगामापुरत्या आलेल्या बाया ओळीने घड उतरवत होत्या. त्यांतल्या एका वयस्क बाईने कडेच्या ओळीतला मणी तोंडात टाकला, साल चावली, बी तळहातावर घेऊन तिचा रंग पाहिला आणि म्हणाली, "ही ओळ आज नको. दोन रोज जाऊ द्या." मुकादमाने साखर मोजण्याचे यंत्र काढून रस तपासला आणि ती ओळ सोडून दिली. प्राध्यापकांच्या पत्नीने विचारले, "मावशी, याची वाइन चाखलीत का कधी?" "ती पाव्हण्यांसाठी," बाई म्हणाली आणि पुढच्या घडाकडे वळली.

ह्यूमने जाणकाराची जी लक्षणे सांगितली, त्यांत सूक्ष्म संवेदना आणि दीर्घ सराव ही प्रमुख आहेत. अभिनवगुप्तांचा सहृदयही काव्याच्या सततच्या अनुशीलनाने मनाचा आरसा लख्ख झालेला असा आहे. ही लक्षणे त्या बाईला लागू पडतात, निदान मण्यापुरती. दालनातील पाहुण्यांना ती क्वचितच लागू पडतात. त्यांच्यापाशी फुरसत आणि पैसा असतो. सराव कोणाचा आणि आस्वाद कोणाचा, ही फारकत दोन्ही परंपरांच्या सिद्धान्तांत फारशी डोकावत नाही. कारण जाणकाराला रिकामा वेळ आहे हे तेथे गृहीतच असते.

२०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्याचा निर्णय झाला, तेव्हा वाइन म्हणजे दारू की नव्हे, यावर महाराष्ट्रात वाद पेटला. तो वाद अबकारी खात्यापुरता नव्हता. कोणत्या पेयाला संस्कृती म्हणायचे आणि कोणत्याला व्यसन, हा त्यातला खरा प्रश्न होता. आदिवासी पाड्यावरच्या मोहाच्या दारूविषयी असा वाद कोणी घातला नाही. तिचे गंध आणि रस वर्णन करणारी यादी कोणी पाठही केली नाही. साहित्याच्या अभिरुचीचा इतिहास लिहितानाही हेच विचारावे लागेल: कोणत्या रसांसाठी परिभाषा घडवली गेली, आणि कोणते रस नुसतेच चाखले गेले.